बाउंड (१९९६) घरी बघताय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

हा पिक्चर मी इतक्या जणांना सुचवलाय की तेच तेच प्रश्न परत परत येतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. शेवट फोडलेला नाही. एका प्रश्नात थोडासा फुटतो, तिथे आधीच सांगितलंय, तेवढा प्रश्न टाळता येईल.

नेमका कसला पिक्चर आहे हा?

शिकागोतली गोष्ट आहे. कॉर्की (जिना गर्शॉन) चोरीच्या गुन्ह्यात पाच वर्षं शिक्षा भोगून नुकतीच बाहेर आलीय आणि एका बिल्डिंगमधल्या रिकाम्या फ्लॅटचं रंगकाम, नळदुरुस्ती असं सगळं एकटीने करतेय. शेजारच्या फ्लॅटमध्ये व्हायलेट (जेनिफर टिली) राहते सीझरसोबत (जो पँटोलियानो), आणि हा सीझर माफियाचा काळा पैसा पांढरा करून देणारा माणूस. दोघी प्रेमात पडतात, व्हायलेटला या सगळ्यातून सुटायचंय, आणि सीझरच्या घरात एका रात्रीपुरते वीस लाख डॉलरहून जास्त पैसे येणार असतात. ते उचलायचे, आळ दुसऱ्यावर येईल अशी व्यवस्था करायची आणि निघून जायचं, असा बेत. बेत छान आहे, कागदावर एक चूक सापडणार नाही. फक्त सीझर घाबरल्यावर काय करेल याचा दोघींचा अंदाज चुकतो आणि तिथून पुढे जीव टांगणीला लागतो तो शेवटपर्यंत.

लांबी साधारण १०८ मिनिटं, म्हणजे पावणेदोन तासांहून थोडी जास्त. फापटपसारा अजिबात नाही.

म्हणजे लव्हस्टोरी आहे की क्राइम थ्रिलर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर ठरलेलं आहे, लव्हस्टोरी. गुन्हा आहे, पिस्तुलं आहेत, रक्त आहे, पण खरा प्रश्न पैसे मिळतात का हा नाहीच, खरा प्रश्न आहे की या दोघी एकमेकींवर विश्वास ठेवू शकतात का. शरीरं पहिल्या काही मिनिटांतच जवळ येतात, त्याला वेळ लागत नाही. विश्वासाला लागतो. कॉर्कीला सगळे सांगू शकले असते की बाई, ही शेजारीण तुला वापरून घेणार आणि सगळं तुझ्या गळ्यात टाकून जाणार, आणि आपल्यालाही बघताना तेच वाटत राहतं, कारण अशा पिक्चरमधली सुंदर बाई दगा देते हे आपण इतक्यांदा बघितलंय. हा पिक्चर आपल्या त्या सवयीवरच खेळतो. एक बाई भिंतीच्या या बाजूला, एक त्या बाजूला, मधे एक अत्यंत घाबरलेला आणि हातात पिस्तूल असलेला माणूस, आणि दोघींना एकमेकींशी बोलायची सोयच नाही. पलीकडची आपल्याला विकणार नाही एवढ्या एका गोष्टीवर दोघींचा जीव अवलंबून. याहून मोठी प्रेमाची परीक्षा मला तरी माहीत नाही.

विनोदी आहे म्हणतात, मग हसू कुठे येतं?

आधी एक सांगतो, यात कोणी जोक मारत नाही. हसू परिस्थितीतून येतं आणि आल्यावर जरा अपराधी वाटतं, त्या जातीचा विनोद आहे.

सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे नोटांचा सीन. टोळीच्या पैशातून चोरी करणाऱ्या एका हिशेबनिसाला माफियाचे लोक पकडतात, पैसे सापडतात, पण तिथे हजर असलेला मालकाचा माथेफिरू मुलगा जॉनी (ख्रिस्तोफर मेलोनी) त्याला पैशांच्या शेजारीच गोळी घालतो आणि सगळ्या नोटा रक्ताने माखतात. उद्या मोठे मालक हिशेब घ्यायला येणार. मग सीझर ती पिशवी घरी घेऊन येतो आणि रात्रभर बसून नोटा धुतो. काळा पैसा पांढरा करायचा धंदा असलेला माणूस शब्दशः पैसे धुतोय, दोऱ्या बांधून कपड्यांसारखे वाळत घालतोय, आणि मग एकेक नोट इस्त्री करून थप्पी लावतोय. अख्ख्या घरात डोक्याच्या उंचीवर शंभर-शंभर डॉलरच्या नोटा लोंबतायत आणि हा त्यांच्यातून वाट काढत फिरतोय, वैतागलेला, झोप नाही, जॉनीला शिव्या घालतोय. इस्त्री फिरवताना त्याचा चेहरा बघा, घरकाम अंगावर पडलेल्या कुठल्याही माणसाचा असतो तस्सा. एका खुनाची साफसफाई चाललीय आणि आपल्याला त्याची दया येते, इथे मी दरवेळी हसतो.

जो पँटोलियानोचं काम या पिक्चरमध्ये जितकं वाखाणावं तितकं थोडंच. सीझर मूर्ख नाही, इथेच सगळी गंमत आहे. तो भराभर विचार करतो, बऱ्याचदा बरोबर करतो, पण प्रत्येक बरोबर विचारानंतर आणखी एका चुकीच्या गोष्टीत अडकतो. एका ठिकाणी घरात नको त्या अवस्थेत नको ती माणसं पडलेली असताना दारावर पोलीस येतात, आत येऊन उभे राहतात आणि त्यातल्या एकाला बाथरूमला जायचं असतं. एवढंच सांगतो. माझी पाचावर धारण बसली होती आणि त्याच वेळी हसू आवरत नव्हतं.

थिएटरमध्ये बघायचा होता, घरी काय मजा येणार?

उलट आहे हो. मोठे डोंगर, लढाया, अवकाशयानं असलेल्या पिक्चरचं घरी नुकसान होतं हे मान्य. पण बाउंड जवळजवळ पूर्ण दोन शेजारच्या फ्लॅटमध्ये घडतो. एक भिंत, दोन बाथरूम, एक कपाट, एक लिफ्ट, जिना, बिल्डिंगबाहेर एक बार आणि कॉर्कीचा जुना ट्रक, संपलं. आपण स्वतः चार भिंतींच्या आत, रात्री, दार लावून बसलेलो असताना हा पिक्चर जसा अंगावर येतो तसा मोठ्या हॉलमध्ये येईल असं मला वाटत नाही.

भिंतीला कान असतात म्हणतात ना, हा पिक्चर त्या म्हणीवर उभा आहे. कॉर्कीला शेजारचं जे काही कळतं ते कानांनी कळतं. पलीकडचं बोलणं, भांडण, नको ते आवाज, सगळं भिंतीतून आणि नळाच्या पाइपांमधून येतं. ती हातातलं काम थांबवून ऐकत राहते आणि तिच्यासोबत आपणही ऐकतो. मी बघत होतो तेव्हा शेजारी कोणीतरी नळ सोडला आणि मला दोन सेकंद कळलंच नाही की तो आवाज पिक्चरमधला की आमच्या भिंतीतला. ही गोष्ट फक्त घरात होऊ शकते.

आणि एक शॉट आहे, त्यासाठी तरी बघा. दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या आहेत, तळवा भिंतीला लावलेला, आणि कॅमेरा वरून, छप्परच नाही असा सरकत एका घरातून भिंतीच्या माथ्यावरून दुसऱ्या घरात जातो. किती पातळ आहे ती भिंत. चार बोटांचं अंतर आणि ओलांडता येत नाही.

दिवसा बघितला तर चालेल का?

नाही. यात मी अजिबात तडजोड करणार नाही.

पहिल्यांदा मी तो दुपारी लॅपटॉपवर लावला होता, खिडकी उघडी, पाठीमागून उजेड. पिक्चर सुरू होतो एका कपाटाच्या आत. कॅमेरा वरून हळूहळू खाली येतो, अंधारात आधी टायटलची भलीमोठी अक्षरं, ती अक्षरं आहेत हेसुद्धा लगेच कळत नाही इतकी मोठी, मग टोप्यांचे खोके, लटकलेले कपडे, बूट, आणि तळाशी हातपाय बांधून पडलेली कॉर्की. मला यातलं काय दिसलं, तर काळी काच आणि त्यात माझा चेहरा. मी बंद केला. त्याच रात्री दिवे घालवून परत लावला आणि तेव्हा कळलं की त्या काळ्या रंगात किती काय काय ठेवलंय, कपड्यांचं कापड वेगळं कळतं, बुटाच्या चामड्यावरची चमक कळते, आणि अंधारातून माणूस सापडतो तो क्षण अगदी पोटात गोळा आणणारा आहे. सुरुवातीची ही दोन-तीन मिनिटं गेली तर अर्धा पिक्चर गेला असं समजा, कारण पुढची बरीच गोष्ट आपण या कपाटापर्यंत कसे पोचलो हे सांगत येते.

टीव्हीचं कुठलं सेटिंग ठेवू?

मूव्ही, सिनेमा किंवा फिल्ममेकर असं नाव असलेला मोड लावा आणि मोशन स्मूदिंग बंद करा, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते पण असतं तेच. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा आहे, टीव्हीने मधे स्वतःच्या फ्रेम घुसवल्या की तो सीरियलसारखा गुळगुळीत दिसतो आणि बिल पोपच्या कॅमेऱ्याची सगळी मेहनत वाया. नॉइज रिडक्शन पण बंद. ३५ एमएम फिल्मवर शूट केलेला आहे, थोडे दाणे दिसणारच, ते धुवून काढले तर चेहरे मेणाचे दिसतात.

मुख्य लक्ष काळ्या रंगाकडे द्या. हा पिक्चर काळा, पांढरा आणि लाल यावर चालतो. व्हायलेटचे कपडे आणि सीझरचं घर गडद, कॉर्कीच्या फ्लॅटमध्ये पांढरा रंग लावायचं काम चालू, आणि लाल रंग मधे मधे, ट्रकचा, ओठांचा, मग रक्ताचा. व्हिव्हिड मोडमध्ये हा लाल ओरडायला लागतो आणि त्याचं वजनच जातं. ब्राइटनेस वाढवून अंधार करडा करू नका, त्यापेक्षा खोलीतला दिवा घालवा. ओलेड टीव्ही असेल तर फारच छान, साध्या एलसीडीवर काळ्याचा राखाडी होतो तेव्हा टीव्हीच्या मागे अगदी मंद दिवा ठेवला तर डोळ्यांना काळा जास्त काळा भासतो, हा उपाय खरंच चालतो.

फ्रेम १.८५:१ आहे, म्हणजे आजच्या रुंद टीव्हीवर वर-खाली अगदी बारीक काळी पट्टी येते. ती घालवायला झूम करू नका.

साउंड सिस्टीम हवी का?

हवीच असं नाही, पण टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बहुतेक वेळा पाठीमागे किंवा खाली तोंड करून असतात आणि दबके आवाज खाऊन टाकतात, आणि या पिक्चरमधलं महत्त्वाचं सगळं दबक्या आवाजात होतं. साधारण बरे हेडफोन लावले तरी फरक कळेल. मी तर एकट्याने बघायचा असेल तर हेडफोनच सांगतो, भिंतीपलीकडचं पुटपुटणं कानाच्या आत येतं. नाइट मोड नावाचा जो प्रकार असतो, जो मोठे आवाज लहान आणि लहान मोठे करतो, तो मात्र लावू नका, इथे शांतता आणि गोळीचा आवाज यांच्यातली दरीच महत्त्वाची आहे.

आर रेटेड आणि अनरेटेड अशा दोन आवृत्त्या दिसतात, कुठली बघू?

फरक काही सेकंदांचा आहे आणि तो दोघींच्या प्रेमाच्या सीनमध्ये आहे. अमेरिकेत आर रेटिंग (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसासोबतच प्रवेश) मिळावं म्हणून तिथे हात लावावा लागला होता. हिंसेला नाही, प्रेमाला, हे लक्षात घ्या. माणसाची बोटं कापणं चाललं आणि दोन बायकांचं जवळ येणं खटकलं. मला याचा अजूनही राग येतो. तेव्हा मिळाला तर अनरेटेड बघा, पण आर आवृत्ती समोर आली म्हणून सोडू नका, गोष्टीत काही कमी होत नाही.

४के डिस्क घेण्यात अर्थ आहे का?

क्रायटेरियनने (निवडक पिक्चर डिस्कवर काढणारी अमेरिकन कंपनी) २०२४ मध्ये नवीन ४के रिस्टोरेशन करून डिस्क काढली, सोबत ब्लूरे पण असते. ज्यांच्याकडे प्लेअर आहे आणि एचडीआर (अंधार आणि उजेडातले बारकावे जास्त दाखवणारं तंत्र) दाखवणारा टीव्ही आहे त्यांनी डोळे मिटून घ्यावी असं माझं मत. कारण साधं आहे, स्ट्रीमिंगवर डेटा वाचवायला अंधाराचाच पहिला बळी जातो, गडद भागात चौकटी चौकटी आणि पट्टे दिसायला लागतात, आणि हा पिक्चर अर्धा गडद भागातच आहे. डिस्कवर कपाटाचा सीन बघितला तर माझं म्हणणं पटेल. ४के डिस्कला रीजनची (एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर न चालण्याची) अडचण नसते, सोबतच्या ब्लूरेला असू शकते, ती आपल्या प्लेअरला चालते का ते विकत घ्यायच्या आधी बघून घ्या.

दिग्दर्शक, कलाकार आणि एडिटर यांची कॉमेंट्रीपण आहे. ती दुसऱ्या वेळेसाठी ठेवा.

प्लेअर नसेल तर नुसत्या या एका पिक्चरसाठी नवीन घेऊ नका. चांगलं एचडी स्ट्रीमिंग, पूर्ण अंधार आणि हेडफोन, एवढ्यावरही मस्त बघता येतो. शोधताना नावापुढे १९९६ टाका, याच नावाचे दुसरे पिक्चरही आहेत आणि चुकून भलताच लावाल.

घरच्यांसोबत बघता येईल का?

लहान मुलं, नाही. अमेरिकेत आर आहे, ब्रिटनमध्ये १८. कारणं तिन्ही आहेत, शरीरसंबंध, हिंसा आणि शिव्या. शिव्या तर सीझर आणि मंडळी श्वास घेतल्यासारख्या देतात.

मोठ्या माणसांसोबत बघायचा की नाही हे तुमच्या घरावर आहे. माझा अनुभव असा की प्रेमाचा मोठा सीन लवकर येतो, साधारण पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत, तेवढा अवघडलेपणा पार पडला की पुढे सगळे गोष्टीतच अडकतात. ज्याच्यासोबत बघताय त्याला आधी सांगून ठेवा, एवढंच. अचानक कोणाला अवघडायला लावू नये.

हिंसा कितपत आहे? मला रक्त सहन होत नाही.

मग नीट वाचा. सगळ्यात वाईट भाग आहे हिशेबनिसाला बाथरूममध्ये छळतात तो, झाडं छाटायची कात्री आणि बोटं. प्रत्यक्ष कापणं फारसं दाखवलेलं नाही पण आवाज आहे, तयारी आहे, त्याचं विनवणं आहे, आणि भिंतीपलीकडे कॉर्की ते ऐकतेय. मला तो सीन दाखवलेल्या रक्तापेक्षा जास्त लागला. ती कात्री नंतर परत येते, तेव्हा आपल्याला तिची किंमत माहीत असते. हा सीन चुकवायचा असेल तर आवाज पूर्ण बंद करा, नुसते डोळे मिटून उपयोग नाही.

नंतर गोळ्या चालतात, माणसं मरतात, आणि व्हायलेट आणि कॉर्की दोघींना मारहाण होते. बाईला मारणं बघवत नसेल तर तयारीने बसा. पिक्चर त्याची मजा घेत नाही हे मात्र छातीठोकपणे सांगतो.

दोन बायकांचं प्रेम, म्हणजे पुरुषांना बघायला मजा यावी म्हणून केलेलं असणार ना?

ही शंका रास्त आहे, नव्वदच्या दशकात असले बरेच पिक्चर निघाले. पण इथे लेखक-दिग्दर्शक वाचोव्स्की भावंडांनी सूझी ब्राइट या लेखिकेला सल्लागार म्हणून घेतलं, लैंगिकता आणि समलिंगी स्त्रियांचं आयुष्य यावर लिहिणारी बाई, आणि तिने प्रेमाच्या सीनची आखणी करायला मदत केली. बारच्या सीनमध्ये ती स्वतः छोट्याशा भूमिकेत दिसतेही. प्रेमाचा तो मोठा सीन एकाच सलग टेकमध्ये आहे. शरीराचे तुकडे करून, इथे पाय तिथे खांदा, असं दाखवलेलं नाही, कॅमेरा दोघींभोवती फिरतो आणि दोघी पूर्ण माणसं म्हणून दिसतात. आणि हातांकडे लक्ष आहे त्याचं. कॉर्कीचे हात आधी नळ उघडताना, रंग खरवडताना, व्हायलेटचं सिंकमध्ये पडलेलं कानातलं काढताना दाखवलेत, आणि प्रेमाच्या वेळी तेच हात. कामाचे हात आणि प्रेमाचे हात एकच, हे इतकं साधं आणि इतकं सुंदर आहे की मी त्यावर तासभर बोलू शकतो.

आणखी एक. पैसे लावणाऱ्या काही लोकांनी कॉर्कीला पुरुष करा असं सुचवलं होतं, वाचोव्स्कींनी ते ऐकलं नाही आणि शेवटी डिनो डि लॉरेंटिसच्या कंपनीने पैसे लावले. विचार करून बघा, कॉर्की पुरुष असती तर काय उरलं असतं. सीझरला पहिल्यापासून शेजारच्याचा संशय आला असता. तो नळदुरुस्ती करणाऱ्या बाईकडे धोका म्हणून बघतच नाही, कारण बायका त्याच्या हिशेबातच नाहीत, आणि सगळी गोष्ट त्याच्या या आंधळेपणावर उभी आहे.

वाचोव्स्की म्हणजे मेट्रिक्सवाले?

हो, तेच. लाना आणि लिली वाचोव्स्की, दिग्दर्शक म्हणून हा दोघींचा पहिला पिक्चर, तेव्हा श्रेयनामावलीत वाचोव्स्की ब्रदर्स असं नाव होतं, नंतर दोघींनी आपण ट्रान्स स्त्रिया असल्याचं जाहीर केलं, लानाने २०१२ मध्ये आणि लिलीने २०१६ मध्ये. इंग्रजीत आपली ओळख लपवून जगण्याला 'कपाटात असणं' म्हणतात, हे माहीत असलं की कपाटात बांधून ठेवलेल्या माणसाने सुरू होणारा पिक्चर वेगळाच दिसतो, मला तरी दिसला. १९९९ च्या मेट्रिक्समध्ये पँटोलियानो आहेच, शिवाय कॅमेऱ्यामागे बिल पोप, संगीत डॉन डेव्हिस, एडिटिंग झॅक स्टेनबर्ग, सगळी टीम इथलीच.

मधे पॉज करून जेवण वगैरे केलं तर?

पहिली चाळीस मिनिटं एकवेळ ठीक. चोरीची रात्र सुरू झाली की नाही. तिथून पुढे जवळजवळ सगळं एका रात्रीत घडतं आणि ताण एकावर एक चढत जातो, मधे उठलात तर उतरतो आणि परत चढत नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. हे मी कळकळीने सांगतोय.

इंग्रजी फार भरभर बोलतात का?

माफियाची मंडळी भरभर आणि एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, कॉर्की आणि व्हायलेट कमी आणि हळू. इंग्रजी सबटायटल लावा, लाजायचं काही नाही. चोरीचा बेत समजावून सांगतात तो भाग लक्ष देऊन ऐका. सांगणं आणि घडणं एकमेकांत मिसळून दाखवलंय, आता बोलतायत की आता चाललंय हे क्षणभर कळत नाही, आणि तो गोंधळ मुद्दाम आहे.

आता जुनाट वाटत नाही का?

फोन वायरचे आहेत, एवढंच. आणि ती वायरच गोष्टीच्या कामाची आहे. एक शॉट फोनच्या वळणदार वायरीच्या बाजूने धावत जातो, आणि रीडायलच्या बटणावरून जो प्रसंग उभा केलाय तो मोबाइलच्या जमान्यात लिहिताच आला नसता. बाकी तीन खोल्या, तीन माणसं आणि भीती, यात जुनं होण्यासारखं काही नाही.

दोघींपैकी कोणी मरणार असेल तर मला बघायचाच नाही. आधी सांगा. (इथे शेवट थोडा फुटतो, नको असेल तर पुढच्या प्रश्नावर जा.)

हा प्रश्न मला ज्यांनी ज्यांनी विचारला त्यांच्या आवाजात एक थकवा असतो आणि तो मला समजतो. दोन बायकांच्या प्रेमाची गोष्ट म्हटलं की शेवटी एक मरणार, एक वेडी होणार किंवा नवऱ्याकडे परत जाणार, हे इतक्यांदा बघून झालंय की माणूस आधीच मन घट्ट करून बसतो. तर, दोघी जगतात. दोघी सोबत असतात. कशा, कुठल्या वाटेने, काय काय सोसून, ते सांगत नाही, आणि हे माहीत असूनही शेवटची वीस मिनिटं श्वास रोखून बघाल. १९९६ मध्ये असा शेवट लिहिणं आणि तो बदलायला नकार देणं, यासाठी मला या पिक्चरबद्दल फार फार प्रेम आहे.

दुसऱ्यांदा बघताना काय बघू?

लिफ्ट. अगदी सुरुवातीला तिघं लिफ्टमध्ये आहेत, सीझर पुढे तोंड करून उभा, आणि त्याच्या पाठीमागे दोघी एकमेकींकडे बघतायत. पहिल्यांदा तो नुसता ओळखीचा सीन वाटतो. दुसऱ्यांदा कळतं की पुढे होणारं सगळं तिथेच, त्याच्या पाठीमागे, एक शब्द न बोलता सुरू झालेलं असतं.

मग व्हायलेटचा आवाज. सीझर आणि त्याच्या लोकांसमोर ती एका विशिष्ट लाडिक, श्वासाळलेल्या आवाजात बोलते, आणि कॉर्कीसोबत हळूहळू तो आवाज गळून पडतो. कुठल्या वाक्यापासून पडतो ते शोधा. मला तिसऱ्यांदा सापडलं, कुठे ते सांगणार नाही, तुम्हाला सापडलं की जुळवून बघू.